गॅरेजवरील खोलीच्या रहिवाशाचे निवेदन

ज्या सकाळी मी गाव सोडले, त्या सकाळी बैलगाडी दारात जुंपून उभी होती आणि मी ओसरीवर बसून हक्कसोडपत्राची नक्कल उतरवीत होतो. चि. शांतवन, तुला ते आठवत असेलच. तू माझी ट्रंक गाडीत चढवून दोनदा येऊन उभा राहिलास आणि दोन्ही वेळा मी तुला हाताने थांबविले, कारण पाचवे कलम उतरवायचे राहिले होते. शेवटी तू म्हणालास, "दादा, घर काय पळून चाललंय व्हय? कागद कशापायी?" मी पाचवे कलम उतरवीत राहिलो. अस्सल कागद आधीच नोंदला गेला होता. ही नक्कल केवळ तुझ्यापाशी असावी म्हणून होती.

हे पत्र तुला लिहीत असलो, तरी आपल्या गावातून जे कोणी नगरास, मुंबईस किंवा पलटणीत गेले, त्यांच्यापैकी कोणी सुटीवर आल्यास त्यांनाही वाचून दाखवावे. जाताना माणसाने मागे काय लिहून ठेवू नये, हे त्यांना यावरून कळेल.

आपल्या वडिलांना सही करता आली ती वयाच्या चाळिशीत, मिशनच्या रात्रशाळेत. त्यानंतर ते आपल्याला एकच गोष्ट सांगत: "सही केली म्हंजी आपुन तितं उभं हाय, आसं समजायचं." मी ती गोष्ट तुझ्यापेक्षा अधिक मनावर घेतली. तीस वर्षे कोर्टात कारकुनी केली, आणि त्या तीस वर्षांत साक्षीदाराला शपथ देण्याचे काम बहुधा माझ्याकडेच असे. खोटी शपथ घेणाऱ्याचा आवाज मला पहिल्या चार शब्दांत ओळखू येई. म्हणून तुझ्या वहिनीच्या निधनानंतर माझ्या मुलाने, भास्करने, मला नगरास बोलाविले, तेव्हा घरातला माझा अर्धा हिस्सा तुझ्या नावे करून देताना कागदात कोठेही फट राहू नये, ही माझी इच्छा होती. माझ्या मुलाने वा नातवाने तुझ्या मुलांना कधी त्रास देऊ नये. ते चार कलमांत भागले होते. पाचवे मी आपण होऊन घातले: 'सदर घरात लिहून देणार याने यापुढे वस्तीच्या हेतूने पाऊल ठेवू नये, ठेवल्यास तो अतिक्रमणदार समजावा.' कोणीही ते मागितले नव्हते. ते लिहून झाल्यावर मला फार समाधान वाटले होते.

पाथर्डीहून नगरास येणारी सर्व्हिस मोटार तेव्हा कोळशाच्या गॅसवर चाले. करंजीच्या घाटात आम्ही सर्व उतारूंनी खाली उतरून तिला ढकलले. मी कोट काढून ट्रंकेवर ठेवला व ढकलले.

भास्करचा बंगला वेशीबाहेर, कॅम्पाच्या रस्त्यावर. मला पुढची खोली दिली होती. तिच्या खिडकीतून लिंबाखाली उभी असलेली त्याची काळी मोटार दिसे. डॉक्टरला मोटारीवाचून चालत नाही, लढाईमुळे टायर मिळत नव्हते, आणि उन्हाने असलेले टायर तडकत होते. मोटार चालवायला कासमभाई होता, भिंगारचा, मनुष्य सज्जन. परंतु त्याला रोज पायी यावे लागे. तेव्हा भास्करने ठरविले की आवाराच्या कोपऱ्यात, बंगल्यापासून वेगळे, मोटारीचे गॅरेज बांधावे आणि त्याच्यावर एक बिऱ्हाडाजोगी खोली, स्वयंपाकाचा कोपरा आणि न्हाणी काढावी. तेथे कासमभाईने बायकोसह राहावे.

सिमेंट व लोखंड कंट्रोलात होते, सरकारी परवान्यावाचून मिळत नसे. भास्करचा मुखत्यार म्हणून अर्ज मी केला आणि शपथही मीच घेतली. कचेरीच्या छापील नमुन्यात 'बांधकामाचा हेतू' एवढीच एक ओळ होती. मी सोबत सात कलमांचे प्रतिज्ञापत्र जोडले. सहावे कलम असे: 'वरील खोलीत सदर मोटारीच्या चालकाखेरीज अन्य कोणीही, मग तो अर्जदाराचा आप्त असो वा नसो, वस्ती करणार नाही.' माझा हेतू असा, की भास्करला पुढेमागे भाडेकरू ठेवण्याचा मोह होऊ नये, कारण त्या दिवसांत भाडेकरू एकदा आत आला की बाहेर निघत नसे. कचेरीतल्या कारकुनाने ते वाचले आणि तो म्हणाला, "काका, एवढं कोणी मागितलंच नव्हतं." ती मला प्रशंसा वाटली.

काळ्या दगडाच्या भिंती चार महिन्यांत उभ्या राहिल्या. गवंडी जाणता होता. जिना बाहेरून चढवावयाचा ठरला आणि गॅरेजचे दार कोणत्या बाजूस उघडावे, असा प्रश्न निघाला, तेव्हा तो म्हणाला, आत उघडू द्या. मी म्हणालो, आत उघडल्यास दार मोटारीला घासेल. मी माप काढले, आकृती काढली, तिच्यावर त्याचा अंगठा घेतला. दार बाहेर उघडले आणि उघडल्यावर त्याची उजवी फळी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर येऊन टेकली. म्हणजे मोटार बाहेर पडून दार पुन्हा लागेपर्यंत वरच्या माणसाला खाली येता येत नाही. गवंड्याने तो अंगठा मला परत दाखविण्याचे सौजन्यही केले नाही. नुसताच हसला.

कासमभाई त्या खोलीत जेमतेम वर्षभर राहिला. लढाई संपली, घोडेगावच्या बाजारात जनावरे ने-आण करणाऱ्या एका व्यापाऱ्याने लॉरी घेतली आणि त्याला तिकडे बोलाविले. तो गेला. भास्कर मोटार स्वतः चालवू लागला. त्याच सुमारास बंगल्यातल्या दवाखान्यात रोगी वाढले आणि बसायला जागा पुरेना, म्हणून माझी पुढची खोली रोग्यांसाठी घेण्यात आली. सूनबाईने अत्यंत अदबीने विचारले, "बाबा, थोडे दिवस वर राहाल का?" मी हो म्हणालो. माझी ट्रंक वर गेली, तिच्या मागोमाग मी गेलो. त्या रात्री दिवा मालवल्यावर मला सहावे कलम आठवले, आणि त्याच्यामागून पाचवे.

विचार कर, शांतवन. एका शपथेने मी गॅरेजवर राहू शकत नव्हतो आणि दुसऱ्या कागदाने मी आपल्या घरी राहू शकत नव्हतो. दोन्हींखाली माझीच सही, आणि दोन्हींतले हस्ताक्षरही माझेच. मसुद्यात एक कानामात्रा चुकलेली नव्हती. माझ्या शत्रूने लिहिले असते, तरी त्याला इतके बिनतोड लिहिता आले नसते. मी कोर्टात पाहिलेले कित्येक खोटे साक्षीदार आपापल्या घरी सुखाने झोपत असत. मी मात्र रोज सकाळी सहाला भास्करने दार उघडले की त्या फळीआड जिन्यावर उभा राहून मोटार जाण्याची वाट पाहत असे.

मी पत्रे लिहिली. कंट्रोलच्या कचेरीला लिहिले की सहावे कलम काढून टाकण्याची परवानगी मिळावी. उत्तर आले की त्या कलमाची कचेरीस गरज नसल्याने ते काढण्याचीही गरज दिसत नाही. भास्करला लिहिले, टपालाने, कारण तोंडी सांगितलेले तो विसरतो. तीस पावलांवरून पत्र टपालकचेरीत गेले आणि दुसऱ्या दिवशी परत त्याच आवारात आले. त्याने औषधाच्या चिठ्ठीवर उत्तर पाठविले: 'बाबा, इकडे कोणी विचारीत नाही. जेवायला या.'

परंतु कोणीतरी विचारलेच. एके दुपारी एक तरुण तपासनीस आला. कंट्रोलातून घेतलेले सिमेंट कोठे लागले हे पाहत तो आळीआळीने फिरत होता. भास्कर दवाखान्याच्या पायरीवर होता. तपासनीसाने हातातल्या कागदावरून विचारले, "वर कोण राहतं?"

"ड्रायव्हर," भास्कर म्हणाला. त्याने वर पाहिले नाही.

मी जिन्यावर उभा होतो, चष्मा लावून, हातात वर्तमानपत्र. तपासनीसाने माझ्याकडे पाहिले, मग भास्करकडे पाहिले. "हे?"

"हो."

तेव्हा तो माझ्याकडे वळून फार सौम्यपणे म्हणाला, "आजोबा, गाडी तुम्ही चालवता?"

शांतवन, मी एक शब्द बोललो असतो, तर ते तेथेच संपले असते. माझा मुलगा खोटे बोलला होता ते माझ्यासाठीच, हे मला कळत होते. तरी त्याने मला बाप म्हणून न सांगता चाकर म्हणून सांगितले, हे ऐकताना माझे कान तापले, ते अजून निवले नाहीत. मी म्हणालो, "मला दोन महिन्यांची तारीख द्या. उत्तर लेखी देईन."

तो हसला, परंतु त्याने तारीख दिली. संध्याकाळी भास्कर म्हणाला, "बाबा, नुसतं हो म्हणायचं होतं." मी त्याला सांगितले की त्या एका शब्दासाठी मी तीस वर्षे लोकांचे हात पवित्र पुस्तकावर ठेवविले आहेत. तो जेवण अर्धे टाकून उठला.

आता तू हसशील. हसावे. मी कासमभाईला पत्र घातले. तो आठवड्यातून दोनदा लॉरी घेऊन नगरास येत असे. दुपारी भास्कर दवाखान्यात असताना आम्ही मोटार कॅम्पापलीकडच्या उजाड माळावर नेत असू. पेट्रोल कुपनावर, म्हणून माझे अर्धे शिक्षण इंजिन बंद ठेवूनच झाले. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी मी बंद मोटारीत बसून गिअर टाकीत होतो आणि कासमभाई शेजारी बसून तोंडाने इंजिनाचा आवाज काढीत होता. "काका, क्लच म्हंजी कासरा न्हाई. वढू नका. पाय हळू सोडा." दुसऱ्यांदा मोटार नाल्याच्या तोंडाशी थांबली तेव्हा म्हणाला, "लई शिकल्याला मानूस असा अवघड जातो. बैल हाकणारा लौकर शिकतो." चौथ्या आठवड्यात मात्र तो खाली उतरून उभा राहिला आणि मी एकट्याने माळाला फेरी मारून आलो.

परवान्यासाठी प्रकृतीचा दाखला लागतो. भास्करचा दाखला मी घेतला नाही, कारण तो हितसंबंधी होता. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. पोलीस कचेरीत परीक्षा दिली. परवाना मिळाल्यावर भास्करकडून नेमणुकीचे पत्र घेतले, आणि मोबदल्यावाचून करार होत नाही म्हणून त्यात लिहविले: दोन वेळचे जेवण व वरील खोली. सही करताना त्याचा हात थांबला होता. मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, करा." तो शब्द मी रागाने वापरला, हे कबूल करतो.

तपासनीस ठरल्या दिवशी आला. मी परवाना त्याच्या हाती दिला आणि म्हणालो, "होय, गाडी मी चालवतो." त्याने परवाना दोनदा वाचला. मग मला नमस्कार करून गेला.

या प्रकारे मी शपथेत राहिलो. परंतु कायदा मला तुझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. चाकरीपोटी मिळालेल्या जागेवर चाकराचा कोणताही हक्क निर्माण होत नाही; चाकरी गेली की जागा गेली. माझ्या उजव्या डोळ्यात पडदा येऊ लागला आहे. समोरून येणाऱ्या बैलगाडीचे एकच चाक दिसते. भास्करला मी हे सांगितलेले नाही. तो डॉक्टर आहे, त्याला दिसत असावे. तोही बोलत नाही, फक्त हल्ली दूरच्या व्हिजिटला तो म्हणतो, मी चालवतो, तुम्ही शेजारी बसा. मी बसत नाही. मी शेजारी बसलो, तर त्या खोलीत कोण राहते?

गेल्या महिन्यात पाथर्डीकडची व्हिजिट निघाली आणि भास्कर म्हणाला, परतताना काकांकडे जाऊ. तुझ्या दारासमोर मोटार मीच उभी केली. भास्कर आत गेला. मी चाकापाशी बसून राहिलो. सात वर्षांनी मी आपले घर पाहत होतो, आणि तू धोतराचा सोगा सावरीत बाहेर येऊन खिडकीत वाकलास.

"दादा, च्या प्यायला तरी उतरा. च्यात वस्ती असती व्हय?"

तुझे म्हणणे कायद्याने अगदी बरोबर होते. पाचवे कलम वस्तीच्या हेतूबद्दल आहे, चहाबद्दल नाही. मी उतरू शकत होतो. तू म्हणालास, तो कागद चुलीत घालतो; मी म्हणालो, अस्सल नोंदलेला आहे, नक्कल जाळून काय होणार. तू रागावलास आणि तुझ्या बायकोने कपबशी खिडकीतून माझ्या हाती दिली. मी चहा मोटारीत बसून प्यालो. गावाने ते पाहिले आणि म्हातारा नगरास जाऊन मातला, असे लोक म्हणाल्याचे माझ्या कानावर आले आहे.

म्हणून हे निवेदन. मी मातलो नाही. खरी गोष्ट ही, की उंबऱ्याच्या आत पहिले पाऊल चहाच्या हेतूने पडले असते. दुसरे कोणत्या हेतूने पडेल याची मला खात्री देता येत नव्हती. मी ओसरीवर बसलो असतो तर पुन्हा उठलो नसतो. आणि मग माझी सही जेथे उभी आहे, तेथे मी नसतो.

सबब विनंती. मी येणार नाही. कागद बदलणार नाही, आणि मीही बदलेन असे वाटत नाही. परंतु या जगात मला वस्तीला ये म्हणून सांगणारे तुझे एकच घर उरले आहे. म्हणून मी नकार देतो एवढ्या कारणावरून बोलावणे थांबवू नये. दर पत्रात लिहीत जावे. उत्तर मी परतटपालाने पाठवीन.