गुडघाभर हिरवं

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे चहा अंगावर सांडणार नाही. कारण मी जो घोळ घातलाय ना, तो शहाण्या माणसाकडून होऊच शकत नाही. आणि मी स्वतःला शहाणी समजते, ही तर मूळ अडचण!

मी एका विमा कंपनीत कॉम्प्युटरचे स्क्रीन डिझाइन करते. म्हणजे कुठलं बटण कुठे, कुठला रंग कुठे, ते ठरवणारी. तेव्हा राहायला महाडला, बाजारपेठेत. खाली अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, भांड्यांचं दुकान आणि वर आम्ही. माझं टेबल मागच्या खिडकीशी. तिथून सावित्री दिसते. सकाळी नदीवर धुकं असतं, पलीकडचे डोंगर अर्धेच उमटलेले असतात, आणि मी कप हातात धरून नुसती बघत बसायची. चहा गार व्हायचा. मीटिंग सुरू होऊन संपायची. कुणीतरी विचारायचं, "प्राची, ऐकतेयस ना?" आणि मी म्हणायची, "हो, अगदी!" काय ऐकलं ते देवाला माहीत.

ही खिडकी कायमची मिळावी, एवढीच माझी इच्छा होती हो. घरून काम करायची परवानगी तात्पुरती होती. कायमचा अर्ज मुंबईला सरनाईक मॅडमच्या टेबलावर पडला होता. कंपनीचं महागडं सामान कुणाच्या घरी ठेवायचं तर ती जागा सुरक्षित आहे का, हे त्या बघणार आणि मग सही करणार. मॅडम आमच्या अंडररायटर लोकांच्या प्रमुख. कुणाचा विमा घ्यायचा, कुणाला नको म्हणायचं, हे ठरवणारी ही मंडळी.

आणि नेमकं त्यांच्याचसाठी टूल बनवायचं काम माझ्याकडे आलं! पूर्वी एका दुकानाचा विमा उतरवायचा तर त्यांना सतरा ठिकाणी शोधाशोध. नकाशा इकडे, जुने क्लेम तिकडे, अग्निशमन केंद्र किती लांब ते तिसरीकडे, पाणी किती चढतं ते चौथीकडे. आता पत्ता टाकला की सगळं एका पानावर, आणि जोखमीप्रमाणे रंग. मॅडम खूश झाल्या की सही पक्की, असं मी मनात ठरवूनच टाकलं.

रंग ठरवायला बसले त्या दिवशी बारीक पाऊस होता. नदी कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. मला वाटलं, रंगसुद्धा असेच पाहिजेत, पाण्यात विरघळल्यासारखे. हिरवा तर मी असा शोधून काढला की बघणाऱ्याला डुलकीच लागावी. मग प्रश्न आला, पाणी कुठवर चढलं तर हिरवं ठेवायचं? डोळे खिडकीतच होते. मी जिन्यातून ओरडले, "अण्णा, पाणी कुठवर आलं की पाणी आलं म्हणायचं?"

"कमरेच्या वर!" खालून उत्तर आलं. "त्याच्या खाली काय, दुकान चालूच असतं की."

मला यात काहीही विचित्र वाटलं नाही. तुम्हाला वाटतंय ना? म्हणजे तुम्ही महाडचे नाही! मोठा पूर वेगळा. त्याची आम्ही चेष्टा करत नाही. पण दर पावसाळ्यात गल्लीत शिरणारं गुडघाभर पाणी? ते पाहुण्यासारखं येतं, बसतं आणि जातं.

तेव्हा कमरेपर्यंत हिरवा, नाव 'निवांत'. छातीपर्यंत पिवळा, नाव 'सावध'. त्याच्या वर लाल, आणि तिथे मी तात्पुरतं लिहून ठेवलं, 'माळ्यावर चला'. ते नंतर बदलणार होते. राहून गेलं.

मग मॅडमना ऑनलाइन दाखवायचा दिवस आला. त्या कधी हसत नाहीत अशी त्यांची ख्याती, पण एका पानावर सगळं बघून चक्क "वा!" म्हणाल्या. मग त्यांनी महाडची बाजारपेठ उघडली. अख्खी पेठ हिरवीगार!

"प्राची, हे महाड आहे?"

"हो मॅडम."

"नदीला लागून, आणि निवांत?"

"फारच निवांत, मॅडम. तुम्ही एकदा येऊन बघाच."

मॅडमनी नकाशा मोठा करून पाहिला. "नगरपालिकेनं मोठं काम केलेलं दिसतंय. नवी गटारं, नदीला भिंत वगैरे?"

त्या क्षणी मी एका बगळ्याकडे बघत होते. तो एका पायावर उभा राहून माझ्यासारखाच विचारात पडला होता. मी म्हणाले, "हो, अगदी!"

"मग मी येतेच. खरंच तसं असेल तर पेठेतल्या सगळ्या दुकानांच्या विम्याचे दर कमी करावे लागतील."

मी हरखले! मॅडम येणार, माझ्या खिडकीशी बसणार, नदी बघणार आणि तिथेच सही करणार. पुढचे दिवस मी तरंगतच होते.

मॅडम आल्या त्या दिवशी मात्र वर पोलादपूरकडे धो धो कोसळत होता. तिकडे कोसळला की इथे पाणी चढतं. त्यांची गाडी नाक्यावरच थांबली आणि मॅडम एका हातात चपला, दुसऱ्या हातात साडीच्या निऱ्या धरून चालत आल्या.

दुकानात अण्णा गल्ल्याच्या फळीवर मांडी घालून बसले होते. खालच्या पातेल्यांच्या कड्यांतून सुतळी ओवलेली, वाहून जाऊ नयेत म्हणून. जवळच्या नाते गावाहून आलेली माझी आत्या गुडघाभर पाण्यात उभी राहून कळशी वाजवून बघत होती.

"दादा, गळकी तर नाय ना रे ही?"

"अगो, पाण्यात उभी आहेस, बुडवून बघ की!"

एक पातेलं सुतळीतून सुटलं होतं आणि गोल गोल फिरत दाराबाहेर निघालं होतं. आत पावसाचे थेंब पडून टिंग टिंग वाजत होतं. किती छान, असं मला वाटतच होतं, तेवढ्यात आवाज आला, "प्राची, हे काय आहे?"

"पातेलं, मॅडम."

"पातेलं नाही! हे पाणी!"

"कुठं हाय पाणी?" आत्यानं इकडेतिकडे पाहिलं. "आज तर कायच नाय, बाय."

"घाबरू नका मॅडम," अण्णा म्हणाले. "पूर आला की भोंगा वाजतो. हे आपलं रोजचं."

"रोजचं?"

"म्हणजे पावसाळ्यात हो! उन्हाळ्यात कुठून येणार?"

"आणि ती नवी गटारं? ती भिंत?"

"कुठली भिंत?" अण्णांनी विचारलं, आणि तिघंही माझ्याकडे बघायला लागले. सीतेसारखं धरणीत शिरावं म्हटलं तर धरणी पाण्याखाली!

मॅडमनी फोन काढून माझं टूल उघडलं. "निवांत," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "अजून वीतभर चढलं तर?"

"निवांतच, मॅडम."

"आणि त्यानंतर?"

"सावध."

"आणि त्यानंतर?"

"माळ्यावर चला," मी पुटपुटले.

"चला मग!" मॅडम म्हणाल्या आणि तरातरा जिना चढल्या.

वर त्या माझी कोरडी साडी नेसून खिडकीशी बसल्या. पाऊस उघडला होता. डोंगर हळूहळू धुक्यातून बाहेर येत होते. मॅडमनी चहासुद्धा गार होऊ दिला. मग म्हणाल्या, "सुंदर आहे हो." माझा जीव भांड्यात पडला.

"आता ते रंग बदला. माझ्यासमोर."

मी बदलले. कोरडं ते हिरवं, घोट्यापर्यंत पिवळं, त्याच्या वर लाल.

"बघू चालतंय का. पत्ता कुठला टाकू?" मॅडमनी चष्मा लावला. "तुमचा अर्ज आहेच की माझ्याकडे."

पान उघडलं. लालभडक!

"मॅडम, पण आम्ही वरच्या मजल्यावर राहतो! इथे पाणी नाही येत!"

"असेल. मजला लिहायचा रकाना कुठे आहे?"

तो रकाना मीच काढून टाकला होता. पान जरा मोकळं, हवेशीर दिसावं म्हणून.

टूल त्याच दिवशी पास झालं आणि त्यानं नाकारलेला पहिला अर्ज माझा. आता मी मुंबईच्या ऑफिसात बसते, आणि माझ्या खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाइप दिसतात. नवे लोक लागले की ट्रेनिंगमध्ये त्यांना लाल रंग म्हणजे काय, हे माझ्या घराचा पत्ता टाकून दाखवतात. आणि ते ट्रेनिंग घेतं कोण? मीच!