कूलरवाले मामा आणि जीपची किल्ली

आमच्या कूलरवाल्या मामांना निवांत मांडी घालून जेवताना मी फारसं पाहिलं नाही. घास तोंडात आणि पाय चपलेत. मामी कावायच्या, “बसा की जरा, ताट काय पळून चाललंय व्हय?” मामांचं उत्तर ठरलेलं, “ताट नाय पळत, दिवस पळतो.”

उस्मानपुऱ्यात त्यांचं पत्र्याचे कूलर करायचं दुकान होतं. फेब्रुवारीपासून मेपर्यंत हातोड्याची ठकठक आणि मग सगळं थंड. दुसरा कुणी असता तर त्याने त्या रिकाम्या महिन्यांत छत्र्या नाहीतर गिझर विकले असते. मामांनी जुनी जीप घेतली. हंगाम संपला की मामी, दोन मुली आणि कॉलेजसाठी गावाहून येऊन त्यांच्याकडे राहिलेली मी, त्यांची भाची, अशी सगळी वरात त्या जीपमध्ये कोंबून ते निघायचे. कुठं, ते नगर नाका येईपर्यंत त्यांनाही ठाऊक नसायचं.

एकदा तर ऐन जूनमध्ये त्यांनी आम्हाला राजस्थानात नेलं. कारण काय, तर “उन्हाचा अभ्यास करायचाय.” मागे एक नवा कोरा कूलर बांधलेला. वाटेत एका ढाब्यावर तो त्यांनी फुकट बसवून दिला आणि ढाबेवाल्याने आम्हाला दोन दिवस पाहुण्यांसारखं ठेवून घेतलं. मामी तापाने फणफणल्या होत्या. “हा माणूस एक दिवस आपल्याला वाळूत पुरणार हाय,” असं मला म्हणाल्या. पण पुढच्या वर्षी मामांच्या आधी पिशव्या त्यांनीच भरल्या. मुलींना पोहायला, झाडावर चढायला, जीपचं चाक बदलायला मामांनीच शिकवलं. मलाही.

मुली लग्न होऊन गेल्या. मी याच शहरात नोकरीला लागले, संसाराला लागले. मामांनी साठी ओलांडली, तरी भटकणं सुटलं नाही. फक्त मामी बदलल्या. इतकी वर्षं जीपमध्ये मुकाट बसणारी ही बाई अखंड बोलायला लागली. “समोर बैलगाडी. आता वळण. डावीकडं खड्डा हाय, हळू घ्या.” मी चिडवायची, “मामी, लायसन तुमच्याच नावावर करून घ्या.” मामा म्हणायचे, “हिचं तोंड चालतंय तोवर आपली गाडी चालती.” आम्ही हसायचो. सगळ्यांत जास्त मीच.

एका रविवारी आम्ही दौलताबादकडे निघालो. मामींचा घसा पार बसला होता, आवाजच फुटत नव्हता. मी मागे, मांडीवर माझी चार वर्षांची मुलगी. तिथं जुन्या तटाच्या दरवाजातून रस्ता जातो, एका वेळी एकच गाडी जेमतेम मावते. तो दरवाजा पुढ्यात आला आणि मामांनी विचारलं, “दरवाजा आला का गं?” मामींनी घाईघाईने त्यांचा हात ओढला. जीप रस्ता सोडून कडेच्या पेरूवालीच्या टोपलीवर गेली. ती बाई कशीबशी बाजूला झाली म्हणून वाचली.

“डोळे फुटले का रं तुझे, म्हाताऱ्या?”

मामांनी उतरून हात जोडले. “व्हय माय, फुटलेत.”

भोवतीचे लोक हसले. मीही हसले. मग माझं लक्ष मामींकडे गेलं. त्या रडत होत्या, आणि रडण्यालाही आवाज नव्हता.

घरी आल्यावर त्या बसलेल्या घशातून त्यांनी सांगितलं. मामांना काचबिंदू. दोन वर्षं झाली होती. कडेचं आधी गेलं, आता समोरचंही धुरकट. डॉक्टरांनी गाडीला हात लावू नका म्हणून बजावलं होतं. “मला म्हणले, कूलर काय, हातानं चाचपून करीन. जीपला डोळे लागतात, ते तू हो. मी नाय म्हणले असते तर हा माणूस कायमचा खाली बसला असता गं.”

“आणि माझी पोरगी मागं बसली होती, मामी!” मी ओरडले. त्यांनी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन मी मामांच्या देखत खिळ्यावरची किल्ली काढली आणि पर्समध्ये टाकली. खुळखुळ ऐकून ते म्हणाले, “घेतलीस? बरं केलंस.” मला त्यांनी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर मामा तीन वर्षं होते. दुकानात हाताने चाचपून कूलरच्या जाळ्यांमध्ये गवत भरायचे, संध्याकाळी ओट्यावर बसायचे. एकदा मी त्यांना माझ्या गाडीत बसवलं आणि विचारलं, “मामा, कुठं जायचं?” म्हणाले, “तू नेशील तिथं.” हे त्या माणसाचे शब्द होते! मी त्यांना शहागंजपर्यंत नेऊन परत आणलं. पुन्हा चला म्हणायचा धीर मला झाला नाही.

गेल्या वर्षी ते झोपेतच गेले. दिवसकार्याला जमलेले नातेवाईक मला म्हणाले की तुझ्यामुळे माणूस धडधाकट घरात राहिला, नाहीतर रस्त्यावर काय झालं असतं. खरंच आहे ते. पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा किल्ली उचलेन. पण लोक पांगल्यावर मामींनी मला जवळ बसवलं आणि माझा हात हातात घेतला.

“तुझं चुकलं नाय, पोरी,” त्या म्हणाल्या. “पण माणूस त्या सकाळीच गेला होता. आपण मसणात तीन वर्षं उशिरा पोचवला.”