सापांचं पुस्तक

मनकर्णाबाई अहेरीतल्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायच्या. शिक्षण चौथीपर्यंतचं, पण वाचनाचा नाद मोठा. परीक्षा संपवून मुली गावी गेल्या की खोल्यांत मागं राहिलेली पुस्तकं त्या घरी न्यायच्या. कधी विज्ञानाचं, कधी शिवणकामाचं, तर कधी पहिली पानंच नसलेली कादंबरी. सगळ्यात जास्त वेळा वाचलं ते सापांवरचं एक पातळसं पुस्तक.

त्या पुस्तकामुळेच रिना वाचली होती. सरपणाच्या ढिगाजवळ सातवीतल्या रिनाच्या पायाला साप चावला, तेव्हा कोणी दोरी बांधायला धावलं, कोणी मांत्रिकाला आणायला निघालं. मनकर्णाबाईंनी दोघांनाही अडवलं. पाय हलू न देता पोरीला जीपमध्ये निजवलं आणि थेट दवाखाना गाठला. रिना पुढं नर्स झाली.

यंदा अहेरीच्या वाचनालयाच्या वर्धापनदिनाला ग्रंथपाल हेमराजभाऊंनी बाईंना आवडत्या पुस्तकांवर बोलायला बोलावलं. त्यांच्याआधी निवृत्त प्राध्यापक गुणवंतराव बोलले. मोठमोठ्या ग्रंथांची नावं ऐकता ऐकता बाईंना आपलं पुस्तक अगदीच हलकं वाटायला लागलं. माईक हाती आला आणि त्यांनी कपाटात नुसत्याच पाहिलेल्या एका जाड कादंबरीचं नाव घेतलं.

"छान," गुणवंतराव कौतुकानं म्हणाले. "त्यातलं कोणतं पात्र आवडलं, बाई?"

बाईंनी माईक या हातातून त्या हातात घेतला. लोक वाट पाहत होते. शेवटी हेमराजभाऊंनीच टाळ्या वाजवून त्यांची सुटका केली.

बाहेर रिना उभी होती. बाईंचं भाषण ऐकायला ती सुट्टी टाकून आली होती.

"मले वाटलं, तुमी सापाच्या पुस्तकाचं सांगसान."

"लाज वाटली व पोरी. एवढे शिकले-सवरलेले लोक बसून होते."

"मंग माही बी लाज वाटली का?"

"नाई व," बाई म्हणाल्या. पण मान वर करून तिच्याकडं पाहणं त्यांना जमलं नाही.

उन्हाळ्यात रिनानं त्यांना आपल्या गावातल्या बायांच्या बैठकीला नेलं. साप चावल्यावर काय करायचं, काय नाही, ते बाईंनी सगळं सांगितलं. कोणत्या पुस्तकात वाचलं, तेही सांगितलं. बाया विचारत गेल्या, त्या सांगत गेल्या.

एसटीची वाट पाहताना रिना म्हणाली, "आता बरं वाटलं ना?"

"वाटलं थोडं," बाई म्हणाल्या. "पण ज्याईच्या पुढं मी खोटं बोलली, ते इथी कुठी होते?"