सलीमभाऊचं कुलूप अन् प्राचीचा मोर

आमच्या घरच्या कॉम्प्युटरले कुलूप लागलं होतं अन् त्याची चावी सेकंड शिफ्टच्या बसमध्ये बसून ड्युटीवर गेली होती.

कॉम्प्युटरले कुलूप काऊन, असं तुम्ही विचारान. तर आम्ही ऊर्जानगरची माणसं. पॉवर स्टेशनात अर्धी जिंदगी गेली. तिथी मशीनले हात लावाच्या आधी तिची लाइन तोडाची, कुलूप ठोकाचं, लाल पाटी लटकवाची, मंगच पाना हाती घ्याचा. अन् ज्यानं कुलूप लावलं त्यानंच ते काढाचं. या नियमानं आमचे हातपाय शाबूत आहेत. फक्त हा नियम घरी आणाचा नसते, हे आम्हाले कोणी सांगितलं नाई.

त्या रविवारी माही सुट्टी होती. माही बायको वंदना घरीच भरतकाम करते. कॉम्प्युटरवर डिझाइन काढाचं, पेनड्राइव्हनं मशीनले द्याचं, की मशीन खटखट भरत बसते. तिच्या बहिणीच्या पोरीचं, प्राचीचं, पोंभुर्ण्याले लग्न होतं. नवरीच्या ब्लाउजच्या पाठीवर मोर भराचा होता अन् ब्लाउज संध्याकाळच्या गाडीनं पाठवाचा होता. मोर कॉम्प्युटरमध्ये तयार होता, धागा तेवढा कमी पडला. धागा आणाले बाजारात जाता जाता वंदना म्हणाली, "आल्याबरोबर मशीन लावतो. तुम्ही फक्त बसून राहा."

बसून राहाचं, एवढंच काम होतं. तेही मले जमलं नाई.

ती गेली अन् बाजूच्या क्वार्टरातले सलीमभाऊ आले. ते अन् मी एकाच युनिटचे. मी म्हटलं, "भाऊ, विंडोज भल्ली हळू चालून राह्यली. आतमधी दुसरी डिस्क रिकामी पडून आहे, तिच्यावर लिनक्स टाकू. दोन डिस्का, दोन सिस्टीम, हिचा तिच्याशी संबंध नाई. चालू करताना पाहिजे ते निवडाचं. अर्ध्या घंट्याचं काम आहे." (हे शेवटचं वाक्य माह्या तोंडून निघालं की आमची मांजर पलंगाखाली जाते.)

"पहले लाइन तोडा," सलीमभाऊ म्हणाले. "विंडोजच्या डिस्कची केबल काढून ठेवू. चुकून तिच्यावर लिहिल्या गेलं तर वहिनीचं सगळं जाईन."

बात शंभर टक्के बरोबर होती. त्यायनं केबल काढली, कॅबिनेट बंद केलं, मागच्या कडीत घरून आणलेलं कुलूप ठोकलं अन् एका लाल पाकिटावर 'काम चालू आहे, हात लावू नये' लिहून ते वरून चिकटवलं. लिनक्स टाकाले पेनड्राइव्ह पाहिजे होता, तो मले ड्रॉवरमध्ये सापडला. त्यात एकच फाइल होती. कचरा असन म्हणून मी पुसून टाकली. लिनक्स असं झक्कास बसलं की आम्ही दोघं पडद्याकडे पाहून हसत होतो, तेवढ्यात बसचा हॉर्न वाजला अन् सलीमभाऊ पळाले. चावी त्यायच्या खिशात.

वंदना आली.

"माहा मोर कुठी आहे?"

"विंडोजमध्ये."

"अन् विंडोज?"

"कुलपात."

"चावी?"

"सलीमभाऊजवळ. ते ड्युटीवर गेले."

ती चिडली नाई. "जाऊ द्या. मोराची कॉपी पेनड्राइव्हवर आहे," म्हणाली अन् ड्रॉवर उघडलं. मंग तिनं कॉम्प्युटरले लटकलेला पेनड्राइव्ह पाहिला, मंग माह्याकडे पाहिलं, अन् खाली बसली. तिचे डोळे भरून आले. "ताई बाहेरून भरून घेतो म्हणत होती. मीच म्हटलं, पोरीच्या पाठीवर मावशीचाच मोर पाहिजे." मले वाटलं, त्या वेळेस धरती फाटली असती तर बरं झालं असतं.

बाइक काढली अन् पॉवर स्टेशनच्या गेटवर गेलो. सुरक्षावाल्याच्या हातापाया पडलो, तेव्हा सलीमभाऊ हेल्मेट घालून बाहेर आले.

"काम पूर्ण झालं?"

"झालं. चावी द्या."

"चावी कशी देऊ, भाऊ? कुलूप माहं आहे, मीच काढीन. दहाले सुटतो. तुम्हाले करंट लागला तर?"

"प्लग काढलेला आहे ना!"

"असंच म्हणते सगळे," म्हणाले अन् आत गेले.

परत आलो तर सलीमभाऊच्या घरच्या, शाहीनवहिनी, वंदनाजवळ बसून होत्या. कुलूप पाहून म्हणाल्या, "हे तर माह्या पेटीचं आहे. याची दुसरी चावी माह्याजवळच राह्यते." चावी पूर्ण वेळ भिंतीपलीकडे होती अन् मी गेटवर नाक घासून आलो होतो.

कॅबिनेट उघडलं, केबल लावली, बटन दाबलं. लिनक्स! पुन्हा चालू केलं, पुन्हा लिनक्स. मी पुन्हा कॅबिनेटमध्ये हात घालून सगळ्या केबली कचकचून दाबल्या. आता पडद्यावर आलं की चालू कराले डिस्कच सापडत नाई. म्हणजे सकाळी एक सिस्टीम होती, दुपारी दुसरी होती, अन् आता दोन्ही गेल्या. दाबता दाबता मीच दोन्ही डिस्कांले करंट देणारी केबल उपटली होती. ती बसवली, चालू होताना किबोर्डावरच्या वरच्या रांगेतल्या साऱ्या बटना एकामागून एक दाबल्या, तेव्हा कुठं दोन्ही डिस्कांची नावं आली. विंडोज निवडली. "आली, आली," मी ओरडलो. पडद्यावर अक्षरं उमटली: अपडेट होत आहे, कॉम्प्युटर बंद करू नका. सात टक्के.

शाहीनवहिनी उठल्या अन् घरून हातानं भराची लाकडी चौकट अन् आरीची सुई घेऊन आल्या. "वंदना, मोर याद आहे ना?"

"याद काय, डोळ्यासमोर उभा आहे."

दोघींनी खडूनं मोर काढला अन् वाकल्या. मी कॉम्प्युटरजवळून टक्के सांगत होतो.

"अठरा झाले."

"मान झाली," वंदना म्हणे.

"चाळीस."

"एक पंख झाला. तुम्ही चाय ठेवा."

मी चाय ठेवला. दोन वेळा ठेवला. विंडोजनं शेवटी 'स्वागत आहे' म्हटलं, तेव्हा ब्लाउजले उलट्या बाजूनं इस्त्री होऊन राह्यली होती. मोराचा एक पाय जरासा आखूड होता. मी ते बोललो नाई, एवढी अक्कल तोवर आली होती. ब्लाउज गाडीत बसवून आलो, तेव्हा जीव भांड्यात पडला.

लग्नात नवरीले समोरून कमी अन् मागून जास्त बायांनी पाहिलं. हातचं काम आहे म्हणून जी ती प्राचीच्या पाठीवरून बोट फिरवून जाय. ताईनं विचारलं तशी वंदनानं सारी कथा सांगितली, माह्यासहित, काहीही न वगळता. मांडवात हशा झाला, मीही हसलो. दुसरा उपाय नव्हता.

तेव्हापासून तिकडच्या नात्यात कोणाचंही लग्न निघालं की ब्लाउज वंदनाकडे येते, अन् मले वेगळा फोन येते, "भाऊजी, ब्लाउज पाठवला आहे. आता तुम्ही तेवढा कॉम्प्युटरले हात लावा."