माडग्याला न पडलेलं मत

अन्याय झाला तो माझ्या आत्तीवर, आणि तिच्याबरोबर 'माडगं' या शब्दावर. कधी झाला तेही सांगतो, म्हणजे नंतर कुणी आठवत नाही म्हणायला नको. देशातली पहिली सार्वत्रिक निवडणूक आटोपल्यावर जो शिमगा आला, त्याच्या धुळवडीला, भर दुपारी, कोल्हापुरात आमच्या गल्लीतल्या तालमीच्या पायरीवर. साक्षीला अख्खी गल्ली होती. एकानंही तोंड उघडलं नाही. माझं उघडलं होतं, पण ते नेहमीच उघडं असतं म्हणून कुणी मोजलं नाही.

माडगं ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. हुलग्याचं पीठ पाण्यात शिजवायचं, त्यात गूळ आणि सुंठ घालायची, आणि गरमगरम वाटीनं प्यायचं. सर्दीपडसं झालेल्याला, बाळंतिणीला, दात पडलेल्याला, सगळ्यांना चालतं. दिसायला चिखलासारखं असतं, हे मी मान्य करतो. पण दिसण्यावर मतं द्यायची असती तर निवडून आलेल्यांपैकी किती जण घरी बसले असते, याचा विचार मतदारांनी करावा.

मी तेव्हा विशीतला. संस्थान विलीन व्हावं म्हणून शाळेच्या दप्तरातून पत्रकं वाटलेली, आणि निवडणुकीत एका उमेदवाराची सगळी पत्रकं मीच लिहिलेली. त्याचं डिपॉझिट गेलं. पत्रकं मात्र चांगली होती, असं विरोधी बाजूचे लोकही म्हणाले. निवडणूक संपली आणि गल्ली एकदम रिकामी झाल्यासारखी वाटायला लागली. कर्णे गेले, सभा गेल्या, भिंतीवरची नावं उन्हानं उडाली. लोकांना भांडायची सवय लागली होती आणि भांडायला विषय उरला नव्हता.

सगळ्यांत जास्त हाल झाले आमच्या गल्लीतल्या एका कारकून गृहस्थांचे. मतदानाच्या दिवशी त्यांना केंद्रावरचा अधिकारी केलेलं. तो एक दिवस त्यांनी असा काही गाजवला की त्यानंतर 'साहेब' म्हटल्याशिवाय ते वळून बघेनात. त्यांच्या घरच्यांनीही म्हणायला सुरुवात केली, कारण हाक मारून जेवण थंड होत होतं.

तर एका संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर वाद लागला की खाण्यापिण्यातला सगळ्यांत भारी शब्द कुठला. वाद काढला तालमीच्या वस्तादांनी. दरवाजातून आत यायचं तर अंग तिरकं करावं लागेल असा देह.

"नुस्तं 'तांबडा' म्हणा," वस्ताद म्हणाले. "रस्सा म्हनायची बी गरज न्हाय. म्हटलं की तोंडाला पानी सुटतंय का न्हाय? मग!"

"हा काय शब्द झाला?" मी म्हटलं. "तांबडा बैल असतो, तांबडा फेटा असतो. दुसऱ्याच्या जिवावर मोठा झालेला शब्द हाय तुमचा."

पलीकडच्या आळीतले मास्तर म्हणाले, "सभ्य लोकांत विचाराल तर श्रीखंड." पानवाला म्हणाला, खर्डा, हिरव्या मिरचीचा ठेचा तव्यावरचा, त्याच्यासारखा आवाज दुसऱ्या शब्दाला नाही. मी माडगं म्हटलं. पहिल्यांदा सगळे हसले. मग एकदम सगळे चिडले. हे बघून मला कळलं की उमेदवार दमदार आहे.

साहेबांनी हात वर केला. "वादानं लोकशाही चालत नाही. मतदान घ्या."

मग जे झालं ते कुणाला खरं वाटणार नाही. अर्ज मागवले. भाकरी उभी राहिली तर बाकीच्यांनी घरी बसावं, म्हणून तिला बिनविरोध राष्ट्रपती करून बाजूला काढली. उडप्याच्या हॉटेलात नव्यानं आलेल्या इडलीचा अर्ज आला, त्यावर हरकत निघाली, पावणी म्हणून. साहेबांनी निकाल दिला की पावण्यांना मत देता येत नाही, मागता तर मुळीच येत नाही. उरले चौघे. तांबडा, खर्डा, श्रीखंड आणि माडगं. निकालाचा नियम वस्तादांनी ठरवला. जिंकलेला शब्द तालमीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवायचा. आणि शेवटी येईल तो शब्द पुढच्या शिमग्यापर्यंत गल्लीत उच्चारायचा नाही. जो उच्चारेल त्याच्या नावानं सगळ्यांनी बोंब मारायची.

"आणि हे ध्यानात ठेवा," साहेब म्हणाले, "ही शब्दांची निवडणूक आहे, पदार्थांची नव्हे. मतदाराला चाखायला दिलं की लाच धरली जाईल."

वस्तादांचं तोंड पडलं. त्यांनी बोकड सांगून ठेवला होता.

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा आत्ती चुलीपुढं बसली होती. माझ्या वडिलांची थोरली बहीण. आजऱ्याच्या बाजूला दिलेली, नवरा गेल्यावर परत आमच्याकडे आलेली. येताना हुलग्याची पिशवी आणि हा शब्द घेऊन आली. आमच्या घरात माडगं ती करायची, आणि 'माडगं' असं नीट तोंड भरून तीच म्हणायची. बाकीचे म्हणायचे, "ते दे गं जरा."

"मत मला द्याला येतंय?" तिनं विचारलं.

"येतंय की."

"नाव सांगावं लागंल?"

यामागं कारण होतं. मोठ्या निवडणुकीच्या आधी नावं लिहायला माणूस दारात आला होता. परक्या बाप्यापुढं स्वतःचं नाव कसं घ्यायचं, म्हणून तिनं सांगितलं, "आजऱ्याकडच्या थोरल्या घरची सून, असं लिवा." त्यानं लिहिलंही. पुढं अशी सगळी नावं यादीतून उडाली. आमच्या गल्लीत अशा बऱ्याच सुना, बऱ्याच आया उडाल्या. मतदानाच्या दिवशी आत्ती दारात उभी राहून बाप्यांची रांग बघत होती. संध्याकाळी आमटीत मीठ दुप्पट पडलं होतं.

"न्हाय," मी म्हटलं, "गल्लीत कोण कुणाला वळखत न्हाय? नुस्तं जायचं, माडग्याच्या डब्यात चिठ्ठी टाकायची."

"कुनी बघनार न्हाय?"

"पडद्याआड हाय."

ती उठली, ट्रंक उघडली आणि चांगलं लुगडं काढून उशाखाली दाबून ठेवलं.

मी प्रचाराला लागलो. पत्रक लिहिलं, छापखान्याला विनवून उरलेल्या तुकड्यांवर छापून घेतलं. 'बंधूंनो आणि विशेषतः भगिनींनो! श्रीखंड हा शब्द स्वतःच्या नावाआधी स्वतःच श्री लावतो, अशा शब्दावर विश्वास ठेवाल काय? खर्डा हा शब्द ऐकणाऱ्याला ठसका लावतो. तांबडा हा शब्द नसून रंग आहे. आजारपणात तुमच्या उशाशी कोण आलं होतं, ते आठवा!' भगिनींना ते पटलं. विहिरीवर, गिरणीत, पापड लाटताना, सगळीकडे बायका म्हणायला लागल्या, "माडग्यालाच देनार बाई आमी." मी हिशेब केला, बायका आल्या तर आपण येतो. वस्तादांनाही ते कळलं असावं, कारण ते दिवसाला दोनदा आमच्या दारावरून खाकरत जायला लागले.

आता मुद्द्याचं. दोनदा मत कुणी देऊ नये म्हणून बोटाला खूण करायची होती. साहेबांनी कचेरीतली शाई आणली, ती धुतल्याबरोबर गेली. मग तालमीत बैठक बसली. साहेब, वस्ताद, मास्तर, पानवाला आणि मी, सगळे बाप्ये. न जाणारा डाग कशाचा, असा प्रश्न निघाला. मास्तर म्हणाले, "हळदीचा. माझं धोतर बघा." धोतर बघितलं. सगळ्यांना पटलं. उजव्या हाताच्या बोटाला हळद, असा ठराव झाला. आमच्यापैकी एकानंही जन्मात कालवणाला हळद घातली नव्हती, हे तिथं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आणि दिवस ठरवला धुळवडीचा! कोल्हापुरात धुळवडीला काय असतं हे ज्याला माहीत नाही त्यानं पुढं वाचू नये. घरोघरी मटण. पहाटेपासून बायका मटणाला हळद-मीठ चोळतायत, वाटण वाटतायत, रस्सा ढवळतायत.

सकाळी बाप्ये आले, अंघोळ करून, कोरी बोटं घेऊन. चिठ्ठ्या टाकल्या, बोटाला हळद लावून घेतली, कट्ट्यावर बसून जेवणाची वाट बघत बसले. दुपारी चुलीवरचं उतरवून बायका आल्या. पुढं आत्ती. चांगलं लुगडं, कपाळाला पदर, मागं रांग.

साहेबांनी बोट बघितलं. "तुमचं मत झालंय."

"कवा झालं?"

"बोट पिवळं आहे."

"आवं, सकाळपासनं मटान करतोय आमी. पिवळंच असनार की!"

"ते मला काय माहीत? नियम म्हणजे नियम. पिवळं बोट म्हणजे मत दिलेलं. पुढच्या या."

पुढचीचं बोट पिवळं. तिच्या मागचीचं पिवळं. रांगेतल्या एकूण एक बाईचं बोट पिवळं. साहेब प्रत्येकीला तेच सांगत गेले, आणि शेवटी मान हलवून मला म्हणाले, "भगिनींनी भरघोस मतदान केलेलं दिसतंय."

मी ओरडलो. "डब्यात चिठ्ठ्या किती पडल्यात ते तरी बघा!"

"डबा मोजणीआधी उघडता येत नाही."

एक बाई म्हणाली, "हात धुऊन येतो."

"धुऊन आलात तर पुरावा नष्ट केल्याचा प्रकार होईल," साहेब म्हणाले.

आत्तीनं स्वतःच्या बोटाकडे बघितलं. मग साहेबांकडे. "तुमच्या घरातनं जेवायला हाक आली," ती म्हणाली, "त्यो रस्सा बी याच बोटानं केलाय." आणि वळून घरी गेली. लुगडं बदललं, ट्रंकेत ठेवलं आणि सगळ्यांना वाढलं.

निकाल लागला. तांबडा प्रचंड बहुमतानं. श्रीखंडाला मास्तर आणि त्यांचे भाऊ. खर्ड्याला पानवाला आणि त्याची उधारी असलेले. माडग्याला एक मत. ते माझं. भिंतीवर 'तांबडा' रंगवला, तोही निळ्या रंगात, कारण तालमीत तेवढाच उरला होता.

दुसऱ्या दिवसापासून बंदी लागू. आत्ती सवयीनं म्हणाली, "माडगं घेतोस का रं?" आणि बाहेरून चार पैलवानांनी तोंडावर उलटा हात मारत अशी बोंब ठोकली की शेजारच्यांची म्हैस सुटली. दोनतीनदा असं झालं. पहिल्यांदा ती हसली. नंतर बोलायचीच थांबली. वाटी पुढं सरकवायची, बस्स. मी पत्रकं काढली, 'फेरमतदान झालंच पाहिजे!' साहेब म्हणाले, तशी तरतूद नाही.

पावसाळ्यात वस्तादांना सर्दी झाली. साधी नव्हे, नाक, घसा, छाती, सगळं बंद. एवढा मोठा गडी घोंगडं पांघरून आमच्या दारात उभा राहिला, मागं दोन पठ्ठे.

"आक्का," ते म्हणाले, "ते जरा... हुलग्याचं... गरम..."

"काय पायजे म्हना की नीट, वस्ताद."

"ते हो. पातळ असतंय. गूळ घालून."

"नाव काय त्याचं?"

वस्तादांनी मागं पठ्ठ्यांकडे बघितलं. शिंकले. पुन्हा बघितलं. "माडगं," ते पुटपुटले. पठ्ठ्यांनी नियमाप्रमाणे आपल्याच वस्तादाच्या नावानं बोंब मारली. काय करतील? त्यांनीच शिकवलेलं.

"द्या आता," वस्ताद म्हणाले. "आन् माझं मत मी फिरवतो, आक्का. तांबड्याचं काढून माडग्याला. शब्द हाय माझा."

"तुमचं नको," आत्ती म्हणाली. "माझं द्या."

वस्तादांनी पठ्ठ्याला पिटाळून साहेबांना बोलावलं. साहेब छत्री घेऊन आले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "खास बाब म्हणून विचार करता येईल. बोट दाखवा."

आत्ती नुकतीच आमटी फोडणीला टाकून उठली होती. तिनं बोट पुढं केलं.

साहेबांनी बराच वेळ बघितलं. "पिवळं आहे," ते म्हणाले, आणि छत्री उघडून गेले.

आत्तीनं वस्तादांना वाटी भरून दिली. आजारी माणसाला काय उभं ठेवायचं? ते प्याले, घाम आला, बरं वाटलं म्हणाले. ती नुसतीच हूं म्हणाली.

पुढच्या शिमग्याला बंदी संपली. उठवल्याचं कुणी जाहीरही केलं नाही, कारण शब्द कुणाच्या तोंडी उरलाच नव्हता. गल्लीत नव्यानं आलेल्या सुना त्याला 'वस्तादांची पेज' म्हणतात. आता दुसरी सार्वत्रिक निवडणूक येऊन ठेपली आहे. नावं लिहायला माणूस पुन्हा येऊन गेला. आत्तीनं या वेळी दारात उभं राहून स्वतःचं नाव सांगितलं, मोठ्यानं, दोनदा, त्याला ऐकू आलं तरी. ते मत तिला मिळेल. तालमीच्या पायरीवरचं अजून बाकी आहे, आणि साहेब अजून त्याच गल्लीत राहतात.

म्हणून वाचकहो, नुसती मान हलवून पान उलटू नका. येत्या धुळवडीला कालवण उतरवलंत की हात धुऊ नका. बाप्ये असाल तर त्या दिवशी कालवण तुम्ही करा, हळद स्वतः घाला. मग पिवळं बोट घेऊन आमच्या तालमीपुढं या, आत्तीच्या मागं रांगेत उभे राहा, आणि साहेब "तुमचं झालंय" म्हणाले की जागचे हलू नका.