आण्णाप्पा कंडक्टर आणि विम्याचे फोन

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी आमच्या पिरनवाडीत त्यांना कुणी नुसतं आण्णाप्पा म्हणत नाही. आण्णाप्पा कंडक्टर म्हणतात. नोकरीतला बहुतेक काळ त्यांनी बेळगाव–जांबोटी गाडीवर काढला. कुणाची म्हैस व्यायली, कुणाचा पोरगा गोव्याला पळाला, हे त्यांना तिकीट फाडता फाडता कळायचं. माणूस समोर आला की त्याच्याशी चार शब्द बोलायचेच. घरी बसल्यावर त्यांची खरी अडचण झाली ती बोलायला माणूस नाही याची.

अशात त्यांचा मुलगा महादेव, जो उद्यमबागेत एका कारखान्यात सुपरवायझर आहे, त्यानं त्यांना नवा फोन घेऊन दिला. आणि फोनच्या पाठोपाठ विम्याची माणसं आली.

"नमस्कार सर, आपलं वय साठच्या पुढं आहे का?"

"व्हय की. सत्तरी जवळ आली. तुमी कुठनं बोलताय, बाई?"

कधी मराठीत फोन यायचा, कधी हिंदीत, कधी कन्नडमध्ये. आण्णाप्पांना तिन्ही भाषा सारख्याच. ते त्या मुलींना गाव विचारायचे, जेवण झालं का विचारायचे, पाऊसपाणी विचारायचे. मुली जरा गोंधळायच्या आणि मग पुढचं पाठ केलेलं वाक्य म्हणून टाकायच्या. ज्येष्ठांसाठी खास योजना, दवाखान्याचा खर्च, घरबसल्या तपासणी. आण्णाप्पा मधूनमधून "हो हो", "बरं बरं" म्हणत राहायचे. त्या हो-चा अर्थ त्यांच्या मते "ऐकतोय" एवढाच होता.

त्यांची बायको अक्काताई आतनं ओरडायची, "अवो, ठेवा की तो फोन! आमटी गार झाली."

"पोरगी बोलत्या गं. मधीच कसा ठेवू?"

एके दिवशी सकाळी आण्णाप्पा पोहे खात बसले होते, तेव्हा दारात एक चाळिशीचा माणूस येऊन उभा राहिला. डोक्याला हेल्मेट, हातात निळी पेटी.

"आण्णाप्पा सरांचं घर हेच ना? रक्त घ्यायला आलोय. उपाशीपोटी आहात ना सर?"

आण्णाप्पांचा घास तोंडातच राहिला. पण अक्काताई दाराच्या चौकटीला धरून मटकन खाली बसली. तिच्या तोंडावरचा रंग उडाला.

"काय लपवून ठेवलासा माझ्यापास्नं?" ती म्हणाली. "काय झालंय तुमास्नी? कुठल्या डॉक्टरानं सांगितलंय?"

"अगं, मला काय धाड भरल्या? मी ह्याला वळखत पण न्हाय!"

त्या माणसानं खिशातला फोन काढून दाखवला. नाव बरोबर, पत्ता बरोबर. ज्येष्ठांच्या विम्यासाठी तपासणी. आण्णाप्पांनी स्वतःच फोनवर होकार दिला होता, पत्ताही सांगितला होता. आता त्यांना आठवलं. गेल्या आठवड्यातली ती धारवाडकडची मुलगी. "पिरनवाडीत कुठं राहता?" असं तिनं विचारलं, तेव्हा यांनी आपुलकीनं गल्ली, मारुतीचं देऊळ, देवळासमोरची पिठाची गिरणी, सगळं सांगून टाकलं होतं.

रक्त न देताच त्या माणसाला परत पाठवलं. बिचारा पेटी उचलून निघाला, अशी घरं त्याला नेहमीचीच असावीत. पण अक्काताई दुपारपर्यंत चुलीकडं फिरकली नाही. आण्णाप्पांनी तिला इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. उरलेले पोहे तसेच ताटलीत राहिले.

संध्याकाळी महादेवला सगळं कळलं. त्यानं आधी पोट धरून हसून घेतलं, मग आईचा चेहरा बघून वडिलांचा फोन हातात घेतला.

"आप्पा, असं करू या. ज्याचं नाव फोनात हाय, त्याचाच फोन वाजंल. अनोळखी नंबर आला तर वाजायचाच न्हाय. कटकटच नको."

"कर बाबा कर," आण्णाप्पा म्हणाले. बायकोकडं बघायचं धाडस त्यांना अजून होत नव्हतं.

तेव्हापासून फोन गप्प झाला. दुपारी झोप लागू लागली. आमटी गरम असताना जेवण होऊ लागलं. अक्काताई खूश होती. आण्णाप्पांना मात्र घर जरा सुनं वाटायचं, पण ते बोलून दाखवायची सोय नव्हती.

दसरा झाल्यावर एका सोमवारी ते छत्री दुरुस्त करायला खडेबाजारात गेले. तिथं त्यांना भावकू भेटला. भावकू म्हणजे त्यांच्या गाडीचा जुना ड्रायव्हर, आता खानापुरात असतो. दोघं चहाला बसले आणि बसल्याबसल्या भावकूनं विचारलं, "काल का आला न्हाईस रं?"

"कुठं?"

"कुठं म्हंजे? यल्लाप्पाच्या नातीचा साखरपुडा न्हवता व्हय? दिपालीचा! तुझी वाट बघून बघून यल्लाप्पानं कार्यक्रम उशिरा चालू केला. कणकुंबीकडची पावणी खोळंबली हुती."

आण्णाप्पांनी हातातला कप खाली ठेवला.

यल्लाप्पा कोण, हे सांगायला हवं. जांबोटीपासून आत, रानातल्या एका वाडीवरचा हा शेतकरी. भात आणि गुरं, एवढाच त्याचा संसार. त्या काळी शेवटची गाडी जांबोटीत मुक्कामाला असायची. आण्णाप्पा आणि भावकूला जेवायला यल्लाप्पाच्या घरून भाकरी यायची. पावसाच्या दिवसांत तर यल्लाप्पा त्यांना घरीच घेऊन जायचा, अंगावर घ्यायला कांबळं द्यायचा. पुढं त्याची नात दिपाली ह्यांच्याच गाडीनं शाळेला जाऊ लागली. तिला खिडकीजवळची जागा आण्णाप्पा राखून ठेवायचे. "तुझ्या साखरपुड्याला पयला नारळ मी फोडणार," असं त्यांनी तिला किती वेळा म्हटलं असेल. ती आता शिकून नर्स झाली होती.

"मला सांगितलंच न्हाय कुणी," आण्णाप्पा कसेबसे म्हणाले.

"फोन केलता की. त्याचा फोन पडला व्हाळाच्या पाण्यात. जावयाच्या फोनवरनं मला लावलता, तुला बी लावलता. बघ जरा."

दोघांनी फोन उघडून पाहिला. विम्याच्या न उचललेल्या फोनांच्या गर्दीत एकच नंबर पुन्हा पुन्हा आलेला होता. सकाळी, दुपारी, दुसऱ्या दिवशी परत. त्या वाडीवर रेंज नसते, हे आण्णाप्पांना ठाऊक होतं. फोन लावायचा तर वरच्या टेकाडावर चढून जावं लागतं. यल्लाप्पा त्या वयात एवढ्या वेळा टेकाड चढला होता, आणि इकडं फोन वाजलाही नव्हता.

त्यांनी लगेच त्या नंबरावर फोन लावला. लागला नाही. मग छत्री तशीच दुकानात ठेवून ते घरी आले. सगळं ऐकून अक्काताईच म्हणाली, "फोन करत बसू नगासा. उद्या सकाळीच जाऊन या. आणि पोरीला लुगडं घेऊन जावा."

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं ते निघाले. किणये गेलं, कुसमळीचा पूल गेला, झाडी दाट होऊ लागली. एरवी ह्या रस्त्यावर त्यांची जीभ चालू असायची, आज शेजारच्याशी एक शब्द बोलले नाहीत. जांबोटीला उतरून वाडीपर्यंत चालत गेले. वाटेवर दोन्ही बाजूंना भात पिवळं झालं होतं.

यल्लाप्पा गोठ्यात शेण ओढत होता. त्यानं मान वर केली, पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

"या. बसा," तो म्हणाला. "तुमी मोठी माणसं. गरिबाचा फोन घ्यायला सवड कुठली तुमास्नी?"

आयुष्यभर त्यानं आण्णाप्पांना अरेतुरे केलं होतं. आज त्या "तुमी"नं आण्णाप्पांच्या काळजात कळ आली. ते तिथंच गोठ्याच्या कट्ट्यावर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. विम्याचे फोन, धारवाडची मुलगी, पोहे खाताना आलेला माणूस, अक्काताईचं चौकटीला धरून खाली बसणं, मग महादेवनं गप्प केलेला फोन. काही झाकलं नाही.

यल्लाप्पाचा खराट्याचा हात थांबला.

"रगात काढाय आलता?"

"व्हय."

"आणि तू पोहे खात हुतास?"

"व्हय रं."

यल्लाप्पाच्या पोटातनं हसू आलं. तो इतका हसला की खराटा टाकून कट्ट्यावर बसला. घरातनं दिपाली आणि तिची आई मंगल, म्हणजे यल्लाप्पाची लेक, धावत बाहेर आल्या. मग तेच सगळं त्यांना पुन्हा सांगावं लागलं. दिपाली म्हणाली, "आजा, मीच आले असते रक्त घ्यायला, सांगायचं न्हाय व्हय!" त्यावर परत हसाहशी झाली.

लुगडं दिलं, चहा झाला. यल्लाप्पा म्हणाला, "पण असा फोन बंद करून कसं चालंल? आमी मेलो तर कळायचं न्हाय तुला."

"मग काय करू? उचलला की मला ठेवता येत न्हाय. पोरगी गोड बोलत्या. तोंडावर कसं तोडायचं?"

यल्लाप्पानं तंबाखू मळता मळता त्यांच्याकडं रोखून पाहिलं.

"गाडी भरल्यावर तू मला कितींदा खाली ठेवलायस? बाजाराचं गाठोडं डोक्यावर घेऊन उभा असायचो मी. 'मामा, जागा न्हाय' म्हणायचास आणि घंटी मारायचास. शिवी दिली न्हाईस, गप्पा बी हाणल्या न्हाईस. मला कधी राग आला व्हय? गाडी भरली म्हंजे भरली."

आण्णाप्पांना घंटीची ती दोरी आठवली. खरंच होतं ते. सबंध नोकरीत त्यांनी हजारो माणसांना नाही म्हटलं होतं, आणि त्यातल्या बहुतेकांशी दुसऱ्या दिवशी हसून बोललेही होते.

परतीच्या गाडीत कुसमळीच्या अलीकडं रेंज आली. आण्णाप्पांनी शेजारच्या कॉलेजच्या मुलाकडून फोनाचं ते गप्प करणं काढून घेतलं होतं. पिरनवाडी यायच्या आतच फोन वाजला.

"नमस्कार सर, ज्येष्ठ नागरिकांसाठी आमची..."

"बाई," आण्णाप्पा म्हणाले. आवाज तोच, भरलेल्या गाडीत मागच्या दारापर्यंत पोचणारा. "मला विमा नको. माझा नंबर तुमच्याकडनं काढून टाका. ठेवतो."

आणि ठेवला. पुढच्या सीटवरच्या दोन बायकांनी वळून पाहिलं. आण्णाप्पांचे कान जरा गरम झाले, पण बरं वाटलं.

त्यानंतर त्यांची पद्धत ठरून गेली. फोन उचलायचा, आधी आपण बोलायचं नाही. समोरच्यानं "कंडक्टर", "आप्पा", "आण्णाप्पा" असं काही म्हटलं तर मनसोक्त बोलायचं. "सर" म्हटलं की ती तीन वाक्यं. हिंदी असेल तर हिंदीत, कन्नड असेल तर "बेडा", म्हणजे नको, म्हणून कन्नडमध्ये. गाव विचारायचं नाही, पत्ता सांगायचा नाही, हो म्हणायचं नाही. कुणी "तुमचा जुना विमा बंद पडतोय" म्हणून घाई केली तर "मी हापिसात जाऊन इचारतो" एवढं बोलून ठेवायचं. महादेवनं जाहिरातीचे फोन नकोत म्हणून नंबरही नोंदवून दिला. फोन अगदी थांबले नाहीत, पण कमी झाले. आमच्या गल्लीतली म्हातारी माणसं आता त्यांच्याकडून ती वाक्यं शिकून जातात. शेजारच्या गुणाबाई तर इतक्या जोरात म्हणतात की आम्हाला आमच्या घरात ऐकू येतं.

दिपालीचं लग्न माघात झालं. आण्णाप्पांना जावयाच्या नव्या नंबरावरून आमंत्रण आलं, आणि त्यांनी पहिल्याच रिंगला उचललं. ह्या वेळी ते एकटे गेले नाहीत, अक्काताईला घेऊन गेले. तिचं माहेर निपाणीकडचं, तंबाखूच्या सपाट शेतांतलं. एवढ्या वर्षांत नवऱ्याच्या तोंडून जांबोटी ऐकून ऐकून तिचे कान किटले होते, पण ती तिकडं कधी गेली नव्हती.

मांडवात आण्णाप्पा पंक्तीत वाढायला उभे राहिले. अक्काताई मंगलबरोबर बायकांत रमली. तिनं व्हाळाचं पाणी बघितलं, झाडाला लटकलेल्या मिरीच्या वेली बघितल्या, यल्लाप्पाची गुरं हात लावून बघितली. दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णाप्पा पिशवी भरून तयार झाले, तेव्हा ती चुलीपाशी मंगलबरोबर तांदळाची भाकरी थापत बसली होती.

"गाडीची येळ झाली गं," ते म्हणाले.

"तुमी जावा," अक्काताई वर न बघता म्हणाली. "मी परवा येते."

आण्णाप्पांनी पिशवी खाली ठेवली आणि ते यल्लाप्पाला शोधायला गोठ्याकडं गेले.