बग्गीचा क्लच

माळावर पळवायच्या चारचाकी बग्गीचा सांगाडा आम्ही दोघा भावांनी कडेगावात पाइप वाकवून चार महिन्यांत उभा केला, पण गिअरवरून भांडण आठ महिने चाललं. माझं म्हणणं, जुन्या मोटारसायकलचं इंजिन बसवायचं, क्लच आणि गिअरही त्याचेच, फक्त क्लचला पायाचं पेडल जोडायचं. दादाचं म्हणणं, स्कूटरचं बिनक्लच-बिनगिअरचं इंजिन टाकू. उभा जन्म फौजेत ट्रक चालवलेला माणूस असं बोलतो, याचाच मला राग यायचा. "म्हातारा झालास व्हय?" असं एकदा तोंडावर बोललो. मग त्यानं वाद सोडला आणि माझं खरं झालं.

पहिल्या दिवशी बग्गी माळावर नेली. दादा चालवत होता. चढाला ती तीनदा बंद पडली. चौथ्यांदा मी वैतागून क्लचची तार बघायला वाकलो, तर दादा दोन्ही हातांनी स्वतःचा डावा पाय उचलून पेडलवर ठेवत होता.

"लय कडक हाय क्लच, गड्या," तो म्हणाला.

क्लच मीच बसवला होता. लोण्यासारखा मऊ होता तो.

बग्गी ढकलत घरी आणली. दुसऱ्या दिवशी मी इंजिनाचे बोल्ट सोडायला बसलो.

"काय करतोस रं?" दादानं विचारलं.

"चढाला ताकद कमी पडतीया. स्कूटरचं टाकू."

स्कूटरचं इंजिन चढाला आणखी कमी पडतं, आणि हे मी ट्रक चालवलेल्या माणसाला सांगत होतो. दादानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि बारा-तेराचा पाना पुढं केला.